दुखणेकऱ्याच्या हातचे काम काढून घेऊ नका

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात झालेले भाषण)



व्याख्यान देण्याची मला सवय नाही. मंडळात माझा आवाज ऐकू येई तो वर्गणी मागण्यापुरता. अकरा वर्षे मी खजिनदार होते, आणि खजिनदाराचे बोलणे कोणालाच फारसे गोड लागत नाही. म्हणून चिटणीसबाईंनी ‘आपल्या आजारपणाविषयी चार शब्द सांगा’ असा आग्रह धरला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. दुखण्याच्या गोष्टी काढून बसणे हा आपल्या बायकांचा आवडता उद्योग. त्यात माझी आणखी भर कशाला? पण मग वाटले की, गेल्या अडीच वर्षांत मी जे शिकले ते कोणी मला आधी सांगितले असते, तर माझा आणि माझ्या घरच्यांचा पुष्कळ त्रास वाचला असता. म्हणून आज आपल्यापुढे उभी आहे. उभी म्हणजे खुर्चीवर बसूनच बोलणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

सुरुवात कंबरदुखीने झाली. कंबरदुखी कोणाला नाही? या खोलीत हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून अधिक हात वर होतील. मीही तसेच धरून चालले. वय झाले, दोन बाळंतपणे झाली, जन्मभर ओट्याशी उभे राहणे झाले, नोकरीसाठी डोंबिवलीहून लोकलने जाणेयेणे झाले. मग कंबर दुखणार नाही तर काय होईल! शेक झाला, तेल झाले, कॅल्शियमच्या गोळ्या झाल्या. फारच कळ आली की औषधाच्या दुकानातून एखादी गोळी आणून घ्यायची. असे पाच महिने काढले. मधल्या काळात धाप लागू लागली, तोंडाची चव गेली, वजन उतरले. शेजारणी म्हणाल्या, ‘काय काकू, बारीक झालात, छान!’ मलाही ते बरेच वाटले.

एके दिवशी न्हाणीघरातली पाण्याची बादली उचलायला वाकले आणि पाठीत काहीतरी मोडल्यासारखे झाले. पुन्हा सरळ होता येईना. फोटो काढला तेव्हा पाठीचे दोन मणके दबलेले निघाले. रक्त फार कमी झालेले होते. मग रक्ताच्या निरनिराळ्या तपासण्या, हाडातल्या मगजाची तपासणी, आणि शेवटी नाव कळले: मल्टिपल मायलोमा.

हे नाव मी त्याआधी कधी ऐकलेही नव्हते. सोप्या भाषेत सांगायचे तर हा रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे. आपल्या हाडांतल्या मगजात प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात. रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्ये तयार करणे हे त्यांचे काम. त्यातलीच एखादी पेशी बिघडते आणि बेसुमार वाढत सुटते. ती चांगल्या रक्ताची जागा अडवते, हाडे आतून पोखरते आणि मूत्रपिंडांवरही भार टाकते. म्हणून कंबरदुखी, थकवा आणि पंडुरोग ही तिन्ही एकत्र आली तर ‘वयाचेच आहे’ म्हणून गप्प बसू नये, एवढे तरी माझ्यावरून घ्या. आणि दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांतल्या पुष्कळशा गोळ्या मूत्रपिंडांना घातक असतात. ह्या दुखण्यात तर फारच. माझ्या सुदैवाने मूत्रपिंडे वाचली.

उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात जाऊ लागले. तिथे पहिल्या दिवशी तासन्‌तास बसले असताना मनात आले की, ही एवढी मोठी वास्तू उभी राहण्यामागे कोणाचे दुःख असेल? ती हकीकत आपल्या मंडळाला जवळची वाटेल म्हणून सांगते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या स्त्रियांच्या चळवळीतल्या नामांकित कार्यकर्त्या होत्या. स्त्रियांच्या संस्था एकत्र आणण्यासाठी त्या झटल्या, बालविवाहाविरुद्ध बोलल्या, आणि साडी नेसून टेनिस खेळल्या! १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. ज्या बाईने सारा जन्म बायकांना घराबाहेर आणण्यात घालवला, तिच्याच जातीचे दुखणे घेऊन मी त्या दाराशी बसले होते, आणि मनात एकच चिंता होती, की आता मला घराबाहेर पडता येईल का?

औषधोपचाराचे थोडक्यात सांगते. माझ्या वयामुळे आणि प्रकृतीमुळे मगजपेशींच्या रोपणाचा मार्ग डॉक्टरांनी घेतला नाही. आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत बोर्टेझोमिबचे इंजेक्शन. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोनच्या गोळ्या. लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल एकवीस दिवस घ्यायच्या आणि सात दिवस सोडायच्या. हाडांसाठी महिन्याने शिरेतून एक औषध. पण ते सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावे लागतात, कारण पुढे दात काढावा लागला तर जबड्याचे हाड लवकर भरून येत नाही.

ह्या लेनालिडोमाइडची कुळकथा ऐकण्याजोगी आहे. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीला आले. गरोदर बायकांनी ते ओकाऱ्यांसाठी घेतले आणि देशोदेशी हजारो मुले अपुऱ्या हातापायांची जन्मली. १९६१ साली ते बाजारातून काढून घेतले गेले. तेच बदनाम औषध पुढे ह्या रोगावर गुणकारी ठरले. १९९९ साली तसे प्रसिद्ध झाले. माझी कॅप्सूल ही त्याचीच सुधारलेली बहीण. त्यामुळे गरोदर बाईने त्या कॅप्सूलला हातही लावू नये अशी सक्त ताकीद असते. आणि आमची सून त्याच वेळी दिवसांत होती!

तेव्हा औषधांचे खाते आमच्या ह्यांच्याकडे गेले. चाळीस वर्षांत ज्यांनी स्वतःचा चहा करून घेतला नाही, त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने एकवीस फुल्या आणि सात शून्ये काढायला सुरुवात केली. गोळ्यांचा डबा वरच्या फडताळात, कुलपात. किल्ली जानव्याला. मला हसू येई. पण अडीच वर्षांत एक कॅप्सूल चुकली नाही, हे त्यांच्या नावावर जमा केले पाहिजे.

आता ज्यासाठी मी बोलायला तयार झाले तो मुद्दा. रोग औषधाने आटोक्यात येऊ लागला. पण माझे फिरणे गेले. कमरेला पट्टा, हातात वॉकर. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, जमिनीवर बसायचे नाही. इंजेक्शनांमुळे पायांचे तळवे बधिर झाले. चालताना पायाखाली फरशी आहे की कापूस तेच समजेना. सकाळी केर काढण्यापासून रात्री विरजण लावण्यापर्यंत जी बाई घरभर फिरत होती, तिला पलंगापासून मोरीपर्यंत जाणे म्हणजे परगावचा प्रवास झाला.

आणि सगळीकडून एकच वाक्य कानी येऊ लागले: ‘तुम्ही बसा.’ सून म्हणे, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ मुलगा म्हणे, ‘तू बस.’ हे म्हणत, ‘तू आधी बस पाहू.’ शेजारच्या वहिनी डबा घेऊन येत आणि म्हणत, ‘काकू, तुम्ही बसून राहा.’ सगळ्यांची माया खरी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण भगिनींनो, दिवसभर बसून राहिलेल्या माणसाला एकच उद्योग उरतो, आणि तो म्हणजे आपल्या दुखण्याचा विचार.

त्याच सुमारास आपल्या कार्यकारिणीचे पत्र आले. पत्र फार चांगल्या शब्दांत होते. मी पूर्ण विश्रांती घ्यावी, मंडळाची चिंता करू नये, खजिनदारपदाचा भार दुसऱ्या भगिनीकडे सोपवला आहे, असे त्यात लिहिले होते. रोगाचे नाव कळले त्या दिवशी मी रडले नव्हते. त्या संध्याकाळी रडले. ह्यांना समजेना, की एवढ्या प्रेमाच्या पत्राने रडू का यावे. मला वाटले, आता माझ्या नावापुढे शेवटची रेघ ओढली, खाते बंद.

दोन महिन्यांनी आपल्या नव्या खजिनदारबाई आल्या. चेहरा उतरलेला. ‘काकू, तुम्हाला त्रास देऊ नये असं सगळ्यांनी बजावलंय, पण गणपतीचा हिशेब जुळत नाही. दोनशे सत्तर रुपयांचा फरक येतोय. बघाल का?’ असे म्हणून त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या. सून दारातून मला खूण करीत होती, की नको म्हणा. मी म्हटले, ‘ठेवून जा.’

डेक्सामेथासोनच्या दिवशी रात्रभर झोप येत नाही. हे औषधच तसे आहे. एरवी त्या रात्री मी आढ्याकडे बघत काढीत असे. त्या रात्री पाठीशी उशा लावल्या, मांडीवर पाट घेतला आणि वही उघडली. जमाखर्चातला फरक नऊने भागला जात असेल तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटसुलट झालेले असतात, हे माझे जुने शहाणपण. दोनशे सत्तर नऊने भागले जातात. पहाटे चार वाजता सापडले: मांडववाल्याचे चारशे सत्तर रुपये सातशे चाळीस म्हणून लिहिले गेले होते. दुसऱ्या दिवशी मी दोन महिन्यांत प्रथमच पोटभर जेवले. हे औषधाने झाले असे डॉक्टर म्हणतील. मी हिशेबाच्या वहीने झाले असे म्हणते. दोघांचेही खरे असेल.

तात्पर्य एवढेच, की दुखणेकऱ्याला मदत करणे वेगळे आणि त्याच्या हातचे काम काढून घेणे वेगळे. त्याच्या पायाला आधार द्या. हाताला काम द्या. सुनेशी मी त्याच दिवशी मोकळेपणाने बोलले. ती शहाणी आहे. तिने ओट्याशेजारी उंच खुर्ची ठेवली. भाजी निवडणे, मटार सोलणे, डाळ-तांदूळ पाखडून ठेवणे, कपड्यांच्या घड्या, दूधवाल्याचा हिशेब ही कामे माझी ठरली. रोज वापरायची भांडी कमरेच्या उंचीवर आली. नातू झाला तेव्हा त्याला उचलून घ्यायची मला बंदी होती. ते मात्र जड गेले. आजीने नातवाला उचलायचे नाही! पण पाठीशी उशी देऊन बसवले आणि बाळ मांडीवर ठेवले, की तासभर ते माझे आणि मी त्याची.

आता अनुभवाच्या काही गोष्टी सांगते. त्या कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडतील.

अंथरुणातून सरळ उठून बसू नये. आधी एका कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन उठावे. पाठीला पीळ पडत नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी. हे मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पाठ करून घ्यायला लावले.

घरातली पायपुसणी आणि सतरंज्या आधी काढाव्यात. पडण्याला कारण पुष्कळदा त्या होतात. न्हाणीघरात धरायला भिंतीत पक्की दांडी बसवावी. टॉवेल अडकवायची दांडी माणसाचा भार घेत नाही. रात्री मोरीच्या वाटेवर एक लहान दिवा जळता ठेवावा. तळवे बधिर असतील तर घरातही अनवाणी चालू नये, रोज रात्री तळवे पाहावेत किंवा कोणाला पाहायला सांगावेत, आणि अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे. मला एकदा पाय भाजल्याचे फोड आल्यावर कळले.

ओळखीच्या बाया प्रेमाने पाले, काढे, चूर्णे आणून देतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. मला कोणी हिरव्या चहाची डबी दिली होती; तो चहा माझ्या इंजेक्शनाच्या कामात अडथळा आणू शकतो असे कळले. पाणी मात्र सांगितले असेल तितके प्यावे. मला दिवसाला तीन लिटर सांगितले आहे.

आणि काही गोष्टींत क्षणाचाही उशीर करू नये. ताप शंभरच्या वर चढू लागला, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, पायांतली शक्ती अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. शेवटच्या दोन गोष्टी म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण असू शकते, आणि तिथे काही तासांवर पुढचे चालणे अवलंबून असते.

प्रवासाचे म्हणाल, तर लोकलच्या अपंगांसाठी असलेल्या डब्यातून दाखला जवळ असला की कर्करोग्यांनाही जाता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लांबच्या गाडीला उपचारासाठी जाताना रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत मिळते. बाहेरगावच्या कोणाला मुंबईत राहण्याची अडचण असेल, तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांची आणि त्यांच्या माणसांची सोय करते.

आता भेटीला येणाऱ्यांविषयी. आपण सगळ्या निघताना उंबऱ्यात उभ्या राहून म्हणतो, ‘काही लागलं तर सांगा हं!’ मीही जन्मभर हेच म्हणत आले. आता सांगते, असे कोणी कधी सांगत नाही. मागणाऱ्याची जीभ उचलत नाही. त्याऐवजी आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘दर मंगळवारी इंजेक्शनाला मी तुमच्याबरोबर येईन. ह्यांना घरी विश्रांती घेऊ द्या.’ वार ठरला, काम ठरले, मला मागावे लागले नाही. मदत अशी करावी. सर्दीपडसे असेल तर मात्र फोनवरच बोलावे, कारण आमच्या अंगात प्रतिकाराची ताकद कमी असते. आणि आल्यावर दुसऱ्या कोणाचा कसा शेवट झाला ते सांगू नये. भावाची भाजी काय झाली ते सांगावे. ते ऐकायला आम्हाला फार आवडते.

शेवटी एक गोष्ट, आणि ही माझ्या स्वतःच्या चुकीची. आपली सभा नेहमी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होते. बावीस पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. गेली दोन वर्षे मला त्या चढता आल्या नाहीत. आज माझ्यासाठी म्हणून आपण शाळेच्या ह्या खालच्या खोलीत जमलो. मघाशी मी पाहिले, की आणखी तीन जुन्या सभासदभगिनी आज कित्येक वर्षांनी आल्या आहेत. मी त्यांना विचारले, ‘इतके दिवस का आला नाहीत?’ तर म्हणाल्या, ‘गुडघे. पायऱ्या होत नाहीत.’ त्यांनी कधी सांगितले नाही, आम्ही कधी विचारले नाही. आणि मी काय केले होते? खजिनदार म्हणून त्यांच्या नावांपुढे ‘वर्गणी थकली’ असा शेरा मारून नावे खाली उतरवली होती. ज्या पत्राने मी रडले, त्याहून हा शेरा किती कठोर! त्या तिघींची मी आज सर्वांसमक्ष क्षमा मागते.

म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे. एक महिन्याआड सभा खालच्या खोलीत घ्यावी आणि वाचनालयाच्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून मिळावा म्हणून आपण अर्ज करावा. दुसरे असे, की आपल्यातल्या पुष्कळ घरांत माळ्यावर वॉकर, काठ्या, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या धूळ खात पडल्या आहेत. कोणाच्या सासूबाईंच्या, कोणाच्या वडिलांच्या. त्या एकत्र करून मंडळाने रुग्णसाहित्याचे एक केंद्र चालवावे. थोडी अनामत घ्यावी, वस्तू परत आली की ती परत करावी. वही मी ठेवीन. बसून करण्याचे काम आहे.

माझ्या प्रकृतीविषयी सर्वजणी विचारतात, म्हणून खरे ते सांगते. मी बरी झाले असे म्हणत नाही. हा रोग आज आटोक्यात आहे. बहुधा पुन्हा कधीतरी डोके वर काढील, तेव्हा दुसरी औषधे आहेत. घरात आता वॉकर लागत नाही, बाहेर काठी लागते. तेवढ्यावर माझा संसार चालू आहे.

केंद्राची पहिली वस्तू मी आज आणली आहे. दाराशी ठेवलेली ती कमोडची खुर्ची माझी. आता मला तिची गरज नाही. ज्या घरी असेल त्या घरी ती जावो. मला पुन्हा लागली तर रीतसर अनामत भरून घेऊन जाईन.

 तिळगूळ घ्या, गोड बोला. आणि जाताना तेवढी चालू वर्षाची वर्गणी आपल्या खजिनदारबाईंकडे द्यायला विसरू नका.